डोंगरातल्या पाड्यावर सहकारी दुकान: सातपुड्यात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ, किंवा शिरपूरपासून चोपडा-यावल-रावेरपर्यंत पसरलेला सातपुडा. या पट्ट्यात बचत गटांबरोबर, ग्रामसभेबरोबर किंवा एखाद्या संस्थेकडून काम करायला जे नवे येतात, त्यांना पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पडतो. तालुक्याला ज्या भावात मीठ, तेल, डाळ मिळते, त्याच भावात ती पाड्यावर का मिळत नाही? उत्तर सोपं वाटतं, की रस्ता लांब आणि घाट अवघड. पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं उत्तर वहीत असतं, उधारीच्या.

पावसाळ्यात पाड्यावर पैसा नसतो. शेठ उधारीवर माल देतो. ती उधारी उन्हाळ्यात आमचूर, चारोळी, मोहफुलं देऊन फिटते, आणि त्या मालाचा भाव शेठच ठरवतो. म्हणजे घर दोनदा नागवलं जातं, एकदा घेताना आणि एकदा देताना. सहकारी दुकानाने नुसता स्वस्त माल आणला तर पहिली बाजू सुटते, दुसरी तशीच राहते. म्हणून पाड्यावरचं सहकारी दुकान म्हणजे माल वर नेणारं आणि माल खाली आणणारं एकच दुकान. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी रेशन नीट करा

दुकान काढण्याआधी पाड्यावर सरकारी धान्य किती येतं आणि किती यायला हवं, ते बघा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी 35 किलो धान्य मिळतं. 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. यात एक गंमत नव्यांच्या लक्षात येत नाही. आठ माणसांच्या प्राधान्य घराला 40 किलो मिळतात आणि तेवढ्याच माणसांच्या अंत्योदय घराला 35 किलो. अंत्योदयचं कार्ड म्हणजे नेहमी जास्त धान्य असं नाही. मोठ्या घरासाठी अर्ज भरताना आधी माणसं मोजा.

मग कार्डावरची नावं वाचा. लग्न होऊन आलेली सून कार्डात नाही, दोन वर्षांचं लेकरू नाही, आणि वारलेला म्हातारा मात्र आहे, असं घराघरात सापडेल. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिल्यामुळे थांबलेली नावं वेगळी. ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दुरुस्त करायची आणि अर्जांचा गठ्ठा एकदम तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा. एकेकट्या माणसाला घाट उतरायला लावू नका, त्याची मजुरी बुडते. पोच घ्या. तक्रारीसाठी 1967 हा क्रमांक आहे. रेंज जिथे लागते त्या टेकडीवर जाऊन का होईना, पण तो लावा.

ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या घरांना हेही सांगा की कार्ड इथलं असलं तरी धान्य तिकडच्या रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. तिकडे उचललेलं इथल्या हिश्श्यातून वजा होतं, म्हणून म्हातारी माणसं मागे राहिली असतील तर कुणी किती उचलायचं ते निघण्याआधी घरात ठरलेलं बरं.

पावसाळ्याचं वेगळं आहे. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावचा एक रस्ता बंद, देवगोई घाटात झाड आडवं पडलं की मोलगीकडची वाट अडते. नर्मदेकाठच्या मणिबेली, डनेल, चिमलखेडी, भूषा यांसारख्या गावांना तर सरदार सरोवराच्या पाण्यामुळे होडीचाच आधार. अशा संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याचं धान्य आगाऊ पोहोचवायची सोय 1995 पासूनच्या नवसंजीवनी योजनेत आहे. तुमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का, ते मार्चमध्येच तहसीलला विचारा. मे महिन्यात विचारलंत तर गाड्या ठरून गेलेल्या असतात.

रेशन पूर्ण मिळालं तरी पाच माणसांच्या घराला महिन्याला 25 किलो मिळतात. डोंगरउतारावर राबणाऱ्या घराला तेवढं पुरत नाही, आणि त्यात तेल, मीठ, डाळ, साबण नसतोच. तिथून आपल्या दुकानाचं काम सुरू होतं.

नोंदणीची घाई नको

नवा कार्यकर्ता सगळ्यात आधी नोंदणीच्या मागे लागतो. माझं मत उलट आहे. पहिला पावसाळा बचत गटांच्या सामूहिक खरेदीवर काढा. चार-पाच गटांनी मिळून माल आणायचा, ठरलेल्या घरांत वाटायचा, हिशेब मिटवायचा. कोण वेळेवर पैसे देतं, कुणाची जीभ गोड पण हात आखडता, वही कुणाला जमते, हे चार महिन्यांत कळतं. ही माणसं कळण्याआधी संचालक मंडळ नेमलंत तर ते मंडळ पाच वर्षं डोक्यावर बसतं.

त्याआधी एक चौकशी मात्र करा. आपलं गाव एखाद्या आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थेत आधीच आहे का? या आविका संस्था आदिवासी विकास महामंडळाच्या एकाधिकार खरेदीसाठी, म्हणजे आदिवासींचा शेतमाल-वनोपज व्यापाऱ्याऐवजी महामंडळाने घेण्यासाठी, काम करतात. महामंडळ 1972 चं, मुख्यालय नाशिकला. काही संस्था जिवंत आहेत, काही कागदावर आहेत. तुमच्या पाड्यातल्या जुन्या माणसांचे शेअर्स तिथे असू शकतात. चालती संस्था असेल तर तिच्यातच ग्राहक विभाग सुरू करणं नवी संस्था काढण्यापेक्षा केव्हाही सोपं.

नवीनच काढायची ठरली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान 10 माणसं लागतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण होतं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ही शेवटची तारीख भर पावसातली आहे. सभा पाड्यावरच ठेवा, तालुक्याला नको, नाहीतर कोरम कागदावरच होईल आणि तिथूनच संस्था पोकळ व्हायला लागते.

खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का. शिक्क्याचा कंटाळा करू नका. पाड्यावर पिढ्यान् पिढ्या लोकांनी खोटं माप सोसलं आहे. काट्याला शिक्का आहे आणि तो कुणीही बघू शकतं, एवढ्यानेच पहिले चार महिने दुकान चालतं. दुकानात किलोचं एक प्रमाणित वजन दोरीने बांधून ठेवा, ज्याला वाटेल त्याने काट्यावर ठेवून बघावं.

रेशन दुकान स्वतःकडे घ्यायचं का? अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 12 मध्ये दुकानं पंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना द्यावीत आणि महिलांकडे चालवायला द्यावीत असं म्हटलं आहे. पुरवठा कार्यालयाचा जाहीरनामा निघाला की अर्ज करता येतो. पण पहिल्या वर्षी नको. अंगठा घेणारं ई-पॉस यंत्र, रेंज, अंगठा न उमटणारी म्हातारी माणसं आणि वरून तपासणी, यात नवं दुकान गुदमरतं. आपलं दुकान दोन वर्षं चाललं की मग घ्या. तेव्हा दोन्ही एका छताखाली आल्याने बायकांची एक खेप वाचते.

किती माल आणायचा

अंदाज ऐकीव घेऊ नका, घरोघर बसून काढा. आणि तो घरातल्या बाईकडूनच घ्या. पुरुष बाजारात काय आणलं ते सांगतो. किती संपतं ते चुलीपाशी कळतं. सभेत विचारलंत तर आकडे लाजून कमी सांगितले जातात.

समजा 60 घरांचा पाडा आहे आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने काढायचे आहेत. घरटी महिन्याला 2 लिटर तेल धरलं तर 480 लिटर होतात, म्हणजे 15 किलोचे 29-30 डबे. मीठ घरटी दीड किलो धरलं तर 360 किलो, 50 किलोचे 7-8 कट्टे. डाळ 3 किलो धरली तर 720 किलो, साखर आणि गूळ मिळून 2 किलो धरले तर 480 किलो. हे चारच जिन्नस दोन टनांच्या आसपास जातात. त्यावर चहा, साबण, माचिस, कांदे, लसूण, हळद, मिरची, बॅटरीचे सेल. असे आकडे मांडले की किती गाड्या लागतील ते दिसतं, आणि किती पैसे लागतील तेही.

धान्याच्या बाबतीत एक सावधगिरी. रेशनवर गहू-तांदूळ येतो, पण पोटाची सवय ज्वारी-मक्याच्या भाकरीची आणि भगरीची आहे. मोलगीकडची भगर खाली शहरात चांगल्या भावाने विकली जाते, आणि पिकवणारं घर भाद्रपदात तांदूळ विकत घेतं, हे डोळ्यांनी बघायला मिळतं. म्हणून दुकानाने दिवाळीनंतर, पीक निघाल्यावर, पाड्यातलीच ज्वारी, मका, भगर थोडी विकत घेऊन ठेवावी आणि पावसाळ्यात पाड्यातच विकावी. त्याला वाहतूक लागत नाही. सातपुड्यात याहामोगी मातेला दुष्काळात धान्य देणारी म्हणून मानतात. तिच्या नावाने कोठार सुरू करू म्हटलं तर नाही म्हणणारं घर सहसा भेटत नाही. मात्र देवीच्या नावाचा वापर करण्याआधी पुजारा (देवाचं करणारा) आणि कारभारी (पाड्याचा प्रमुख) यांना विचारा. परक्याने परस्पर ठरवलेलं तिथे चालत नाही.

होळीआधीचा साठा वेगळा काढा. भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजारांच्या, आठवड्यात गूळ, फुटाणे, खजूर, साखरेचे हार-कंगन, कपडा यांची मागणी एकदम वर जाते आणि ऊसतोडीवरून परतलेल्या हातांत रोख असते. उधारी वसुलीचाही हाच आठवडा.

गुटखा ठेवायचा नाही. राज्यात 2012 पासून त्यावर बंदीच आहे. चिप्सच्या पुड्यांवरून वाद होईल. पोरं रडतात, विक्री होते, नफा बरा. निर्णय बायकांच्या सभेत होऊ द्या. पण धडगाव-अक्कलकुव्याची नावं कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतात, हे सभेत कुणीतरी बोलायला हवं. पुड्यांऐवजी अंडी आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवून बघा. अमृत आहार योजनेत अंगणवाडीसाठी अंडी, केळी स्थानिक पातळीवर घेतली जातात. पाड्यातल्या कोंबड्यांची अंडी दुकानाने गोळा करून तिथे दिली तर पैसा गावातच फिरतो. फक्त एक पथ्य: अंगणवाडीच्या आहार समितीत बसणाऱ्या बाईने दुकानाचं बिल मंजूर करू नये.

पैसा कुठून

वरच्या उदाहरणातल्या मालाला आजच्या भावाने दीड-दोन लाख लागतात. 60 घरांनी 500 रुपयांचे शेअर्स घेतले तर 30 हजार होतात. उरलेले?

इथे आमचूर कामाला येतो. कैरी चैत्र-वैशाखात निघते, सोलून, काप करून वाळवली जाते. पांढरा, स्वच्छ, खणखणीत वाळलेला आमचूर आणि मातीत वाळवलेला काळपट आमचूर यांच्या भावात मोठं अंतर असतं. लोखंडी विळ्याऐवजी स्टीलची सुरी, जमिनीऐवजी स्वच्छ कापड, आणि वळिवाचे ढग दिसले की लगेच झाकणं, एवढ्यावर प्रत सुधारते. दुकानाने सगळ्यांचा आमचूर प्रतीप्रमाणे वेगळा करून एकत्र विकला की मे महिन्याच्या शेवटी हातात पैसा येतो. नेमकं तेव्हाच पावसाळ्याचा माल भरायचा असतो. घर आपल्या आमचुरातले काही पैसे रोख घेतं आणि काही दुकानाकडे ठेवतं. त्या ठेवीवर पावसाळाभर माल उचलतं. शेठच्या वहीत उधारी आधी आणि आमचूर नंतर होता. इथे आमचूर आधी, माल नंतर. सगळा फरक या क्रमात आहे.

यात अडचण एकच. घर शेठचं जुनं देणं लागतं, आणि शेठ आमचूर दुसरीकडे जाऊ देत नाही. ते देणं किती, ते घरासोबत बसून लिहून काढा आणि हप्ते ठरवायला मदत करा. भांडण नको, पहिल्या वर्षी घराने निम्मा माल तिकडे, निम्मा इकडे दिला तरी चालेल.

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गटांना मिळणारा समुदाय गुंतवणूक निधी, बँकेचं गटकर्ज, हे पर्याय आहेत. सरकारी खावटीवर, म्हणजे पावसाळ्यात खाण्यापुरत्या मिळणाऱ्या मदतीवर, मात्र दुकानाचं गणित बांधू नका. खावटी कर्ज 1978 पासून होतं, ते मधे थांबलं. 2020 मध्ये कुटुंबाला 4000 रुपयांचं, निम्मं रोख आणि निम्मं वस्तूरूप असं अनुदान जाहीर झालं. मिळालं तर उत्तम, पण ते कधी मिळेल यावर मिठाचे कट्टे थांबत नाहीत.

वनोपज विकण्याचा हक्क सांगायला घाबरू नका. वनहक्क कायदा 2006 मध्ये गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क आहे. सामूहिक वनहक्काच्या कागदाची प्रत गाडीत ठेवा, वनखात्याच्या नाक्यावर बोलणं सोपं जातं.

गाडी

खरेदी शक्यतो दोन जणांनी करावी, एक बाई आणि एक बाप्या. डाळीसाठी जळगावच्या डाळमिलचा भाव विचारून घ्या, मिरचीसाठी नंदुरबार बाजार समितीचा. किराण्याचा घाऊक व्यापारी शहादा, तळोदा, अक्कलकुवा, जे जवळ असेल तिथला धरा. दूरच्या शहरात किलोला दोन रुपये वाचतात आणि डिझेलमध्ये तीन जातात. बिल पक्कं घ्या, संस्थेच्या नावाचं.

समजा पिकअपचं भाडं 4000 रुपये आणि माल 1500 किलो. किलोमागे जवळपास पावणेतीन रुपये पडतात. गाडी अर्धी भरली तर सव्वापाचच्या वर. आणि तीच गाडी खाली येताना टनभर आमचूर घेऊन आली तर वर जाणाऱ्या मालावरचा बोजा किलोमागे रुपया साठ पैशांवर येतो. म्हणून मालाची तारीख आमचुराच्या तारखेला बांधा. ड्रायव्हर ओळखीचा आणि घाटातला हवा. सातपायरी घाटात नवा ड्रायव्हर मालासकट मागे फिरलेला मी पाहिला आहे, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रस्ता जिथे संपतो तिथून पाड्यापर्यंत डोक्यावर, घोड्यावर किंवा होडीने. त्या मजुरीचाही दर आधी ठरवा, श्रमदान म्हणून गृहीत धरू नका. होडीत मीठ-साखरेला प्लास्टिकच्या दोन पिशव्या.

भाडं भावात कसं घालायचं? सरसकट किलोमागे घातलंत तर मिठासारखी स्वस्त वस्तू एकदम महाग वाटते आणि चहापत्तीला काही जाणवत नाही. मी सांगेन, मीठ, तेल आणि डाळ तालुक्याच्या भावात द्या. भाडं चहा, साबण, बिस्किटं, शोभेच्या वस्तू यांवर चढवा. ऑस्ट्रेलियात आर्न्हेम लँडमधल्या आदिवासी गावांची दुकानं चालवणारी अल्पा ही संस्थाही, आपल्या महामंडळासारखीच 1972 ची, ताज्या फळं-भाज्यांचं भाडं ग्राहकावर न टाकता स्वतः सोसते. कॅनडाच्या उत्तरेकडच्या अनेक गावांत बर्फामुळे जड माल बहुतेक उन्हाळी जहाजानेच येतो आणि तिथल्या सहकारी संस्था एकत्र मागणी नोंदवतात. आपलं जहाज मृगाआधी येतं, एवढाच फरक. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे 25 मेच्या सुमाराला, निदान पहिली गाडी वर पोहोचलेली हवी.

साठवण

जमिनीपासून हातभर उंच बांबूचं मचाण, भिंतीपासून वीतभर अंतर. कुडाच्या भिंतीला ओल चढते. धान्य कणगीत, कणगी आतून-बाहेरून सारवलेली, निंबाचा पाला घालून. डाळ जाड पिशवीत, आणि उघडलेला कट्टा त्याच आठवड्यात संपवायचा. मीठ वेगळ्या कोपऱ्यात, कारण ते पाणी धरतं आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यांना गंज चढवतं. खत, फवारणीची औषधं, उंदराचं औषध त्या खोलीत येताच कामा नये, ‘एक दिवसापुरतं’ म्हणूनही नाही. आधी आलेला माल आधी विकायचा. पुड्यांवरची तारीख बघणारी एक मुलगी नेमा, शाळेत जाणारी पोरगी हे आनंदाने करते.

उधारी आणि वही

उधारी देणार नाही असं म्हणणारं दुकान पाड्यावर टिकत नाही. अमर्याद देणारंही टिकत नाही. मर्यादा घराच्या शेअर्सशी आणि आमचुराच्या ठेवीशी बांधा, आणि ती सगळ्यांसाठी सारखी ठेवा, पोलीस पाटलांपासून विधवा बाईपर्यंत. आजारपण आणि मयत यांसाठी छोटा वेगळा निधी असू द्या. त्याचा निर्णय तीन बायकांनी त्याच दिवशी घ्यायचा. उधारीच्या वस्तूचा भाव रोखीइतकाच. वसुली पाड्याच्या पंचांगाने करायची: आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पुढेमागे, दिवाळीत आणि होळीत. महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागणं हे नोकरदाराचं कॅलेंडर झालं.

रेशन कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड गहाण ठेवून घ्यायचं नाही. कुणी स्वतःहून आणून दिलं तरी परत पाठवा.

वह्या तीनच: रोजमेळ (रोजची जमा-खर्चाची), खतावणी (घरनिहाय खात्यांची) आणि साठा नोंदवही. मोबाइलवर नोंद ठेवायची तर ठेवा, पण चार्जिंग आणि पाऊस लक्षात घेऊन कागदही हवा. भावफलकावर वस्तूचं चित्र आणि मोठा आकडा. बाजाराच्या दिवशी भाव पावरी किंवा भिली बोलीत मोठ्याने सांगायचे, आणि शेजारी तालुक्याचा त्या आठवड्याचा भावही लिहायचा. तालुक्यात तेल उतरलं आणि आपल्याकडे जुन्या भावाचे डबे असले तर लोक कुरकुरतील. बिल दाखवा, समजून घेतात.

ऑक्टोबरमध्ये, माणसं ऊसतोडीला निघायच्या आधी, साठा मोजा. मोजताना दुकान सांभाळणारी बाई हजर असावी, पण मोजणारी दुसरी असावी. चार-दोन किलोची घट उंदीर-ओलाव्यात जाते. त्याहून जास्त असेल तर तिथेच सगळ्यांसमोर विचारायचं, मागून कुजबुज नको. नफा उरला असेल तर तो शेअर्सपेक्षा खरेदीच्या प्रमाणात वाटण्याचा ठराव मांडा, म्हणजे ज्या घराने जास्त मीठ-तेल घेतलं त्याला जास्त मिळेल. लेखापरीक्षण आणि सभेच्या मंजुरीनंतरच तो हातात येईल, हेही आत्ताच सांगून ठेवा. स्थलांतर करणाऱ्या घरांचं खातं त्यांच्यासमोर वाचून, उरलेली ठेव रोख देऊन किंवा पुढे ओढून, वहीत अंगठा-सही घ्या. ट्रक रात्री येतो, तेव्हा हे काम आधीच्या बाजाराच्या दिवशी उरकलेलं असावं.